कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी: कोणता भाग आधी ठरवायचा, कुठे वाचवायचं, कुठे नाही

पहिल्यांदा पीसी जुळवणारे बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. आधी मोठ्या नावाचा प्रोसेसर, मग त्याला शोभेल असा मदरबोर्ड, मग दिवे लागणारी रॅम, आणि शेवटी उरलेल्या पैशांत जे बसेल ते ग्राफिक्स कार्ड. गेमिंगसाठी हा क्रम पूर्ण उलटा आहे. आधी काय खेळायचं आणि कोणत्या स्क्रीनवर हे ठरवा, त्यावरून कार्ड, कार्डावरून प्रोसेसर, आणि बाकीचं सगळं त्या दोघांभोवती.

यादीतल्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारत चला. यावर जास्त पैसे घातले तर खेळताना फरक जाणवेल का? आणि हा भाग वर्षभराने बदलायचा झाला तर एकटा बदलता येईल, की त्याच्याबरोबर आणखी दोन भाग टाकून द्यावे लागतील? रॅम, एसएसडी, कॅबिनेटचे पंखे नंतर सहज वाढवता येतात. सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मात्र पहिल्याच दिवशी नीट निवडलेले बरे.

स्क्रीन आणि खेळ

१०८० पी म्हणजे १९२० बाय १०८०, जवळपास २०.७ लाख पिक्सेल. १४४० पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे जवळपास ८३ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढं चित्र काढायचं असतं, त्यामुळे ४के स्क्रीनवर त्याच्यावरचा बोजा १०८० पीच्या चौपट पिक्सेलांचा होतो. बजेट बेताचं असेल तर १०८० पीच धरा, आणि वाचलेले पैसे रिफ्रेश रेटमध्ये, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते त्यात, घाला. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. माउस हलवताच हा फरक नवख्या माणसालाही कळतो.

आता खेळ. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत ग्राफिक्स हलकं असतं आणि फ्रेम खूप हव्या असतात, तिथे प्रोसेसर आधी दमतो. सायबरपंक २०७७ सारख्या खेळात कार्ड आधी दमतं. आपण खरोखर खेळणार आहोत अशा चार-पाच खेळांची नावं कागदावर लिहा. पुढे कुठेही दोन भागांत अडलात की ती यादी काढून बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, विंडोजचं लायसन्स आणि मदरबोर्डवर वाय-फाय नसेल तर त्याचं वेगळं कार्ड, हे सगळं बजेटमध्ये आधीच धरा. यादी जुळल्यावर यातलं एखादं आठवलं की लोक घाईघाईत एसएमपीएसचे पैसे कापतात, आणि नेमके तेच कापायचे नसतात.

ग्राफिक्स कार्ड

टॉवरच्या, म्हणजे मॉनिटर वगळून उरलेल्या पैशांपैकी साधारण ३५ ते ४५ टक्के इथे जाऊ द्या. हा काही नियम नाही. पण २० टक्क्यांवर कार्ड उरकलं असेल तर यादीत कुठेतरी दिखाऊ खर्च लपलेला आहे असं समजा.

सगळ्यात आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, बघा. आज नवीन कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्स्चरची सेटिंग वाढवली तरी फ्रेम फारशा पडत नाहीत, पण व्हीरॅम भरेपर्यंतच. ती भरली की कार्ड मदरबोर्डवरच्या रॅममधून माल ओढायला लागतं आणि खेळ मध्येच अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) तेव्हाही बरा दिसतो, हाताला मात्र झटके जाणवतात.

एक उदाहरण जवळून बघू. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डावर ४ जीबी मेमरी आहे आणि ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या मार्गाच्या, फक्त ४ लेन वापरतं. पीसीआयई ४.० वर या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जातो, ३.० वर त्याच्या निम्मा. आता याच्या जोडीला कुणी रायझन ५ ५५०० घेतो. नाव ५६०० च्या शेजारचं, भाव थोडा कमी. पण ५५०० हा प्रोसेसरच पीसीआयई ३.० चा आहे, मदरबोर्ड कितीही चांगला घेतला तरी तो ३.० वरच चालणार. कार्डाची मेमरी लवकर भरते, आणि भरल्यावर ज्या वाटेने डेटा यायचा ती वाट आधीच अरुंद झालेली असते. दोन्ही भाग वेगवेगळे पाहिले तर स्वस्त आणि ठीक वाटतात. एकत्र आले की एकमेकांच्या उणिवा वाढवतात. म्हणून कोणताही भाग एकटा निवडायचा नाही, शेजारी कोण बसणार ते बघूनच निवडायचा.

नावाला भुलू नका, ही दुसरी गोष्ट. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारांत मिळतं, ८ जीबी आणि ६ जीबी. फरक फक्त मेमरीचा आहे असं खोक्यावरून वाटतं. प्रत्यक्षात ६ जीबीवाल्यात कोअर (हिशेब करणारे घटक) कमी आहेत आणि मेमरीचा मार्ग १२८ ऐवजी ९६ बिटांचा आहे. हे दुबळं कार्ड आहे, पण ते ७० वॅटमध्ये भागतं आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. एखाद्या जुन्या ऑफिस पीसीत बसवायला ते उत्तम, नव्या बिल्डसाठी नाही. आरटीएक्स ३०६० चंही तसंच आहे: १२ जीबीवालं घ्यावं, ८ जीबीवाल्याचा मेमरीचा मार्ग अरुंद आहे.

१०८० पीसाठी कमी खर्चात विचार करण्याजोगी कार्डं म्हणजे आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, आणि थोडं वर चढता येत असेल तर आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी. इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे, पण त्याच्यासाठी मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावाच लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते कार्ड बरंच मागे पडतं. नव्या प्लॅटफॉर्मवर घ्या, जुन्या मशीनच्या अपग्रेडसाठी टाळा.

डीएलएसएस आणि एफएसआर, म्हणजे कमी पिक्सेलांचं चित्र काढून ते मोठं करण्याच्या सोयी, यांची जाहिरात जोरात असते. दोन्ही उपयोगी आहेत, पण १०८० पीवर क्वालिटी मोडमध्ये खेळ आतून १२८० बाय ७२० वर काढला जातो आणि मग मोठा केला जातो. ४के स्क्रीनवर हे तंत्र जितकं देखणं दिसतं तितकं इथे दिसत नाही. फ्रेम जनरेशनही (खऱ्या फ्रेमांच्या मधे कार्डाने बनवलेल्या फ्रेम घालणं) आधीच साठेक फ्रेम मिळत असतील तरच लावावं, नाहीतर आकडा वाढतो आणि हाताला जड लागतं. त्यामुळे कार्डांची तुलना करताना या सोयी बंद असतानाचे आकडे आधी बघा.

प्रोसेसर आणि सॉकेट

बजेट गेमिंगसाठी ६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एवढं पुरेसं आहे. रायझन ५ ५६००, आय५-१२४००एफ, रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० हे सगळे याच वर्गातले. अगदीच ओढाताण असेल तर ४ कोअरचा आय३-१२१००एफ चालतो, पण मागे ब्राउझर, व्हॉइस चॅट आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून खेळणाऱ्याने तो घेऊ नये.

शेवटची अक्षरं वाचायला शिका. इंटेलच्या नावात एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. रायझन ५६०० मध्येही ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. हा 'जी' ऐकून लोकांना वाटतं की ५६०० पेक्षा एक गोष्ट जास्तच मिळाली. तसं नाही. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी, आणि त्यातही पीसीआयई ३.० च आहे. वेगळं कार्ड लावणार असाल तर ५६००जी घेण्यात तोटाच आहे.

खरा निर्णय सॉकेटचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन २०१७ पासून आहेत. हा जुना झालेला, पण अजूनही स्वस्तात भागवणारा प्लॅटफॉर्म, त्यावर डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, आणि या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देणार असं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी आहे. त्याचे मदरबोर्ड काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्ही रॅमच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची घेतली तर ती बसतच नाही.

माझा सल्ला असा: तीन-चार वर्षं मशीनला हातही लावायचा नसेल आणि बजेट खूप घट्ट असेल तर एएम४ घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. पुढे फक्त प्रोसेसर बदलून मशीन ताजं करायचं मनात असेल तर एएम५ साठी थोडी वाट बघून पैसे साठवलेले चांगले. रॅमचे भाव मात्र फार वरखाली होतात. एखाद्या महिन्यात डीडीआर५ मुळेच गणित फिसकटू शकतं, म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची एकत्रित किंमत मांडूनच तुलना करा.

मदरबोर्ड

इथे बिनधास्त हात आखडता घ्या. महागड्या बोर्डाने फ्रेम वाढत नाहीत. एएम४ वर बी५५०, एएम५ वर बी६५०, इंटेलला बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा बोर्ड, मायक्रो-एटीएक्स हा लहान आकार, एवढं पुरे. ए५२० आणि एच६१० आणखी स्वस्त असतात, पण ए५२० वर पीसीआयई ३.० च मिळतं आणि एच६१० वर रॅमच्या दोनच खाचा. व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या पॉवरच्या भागावर, हीटसिंक असलेला बोर्ड निवडा. जुना बी४५० बोर्ड ५६०० साठी घेत असाल तर त्यात बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालेला आहे का ते विकणाऱ्याकडून आधी खात्री करून घ्या, नाहीतर सगळं जोडूनही पडदा काळाच राहील.

रॅम

१६ जीबी किमान, ३२ जीबी परवडली तर फारच चांगलं. आणि एकच मोठी पट्टी घ्यायची नाही, दोन घ्यायच्या. एका पट्टीवर मेमरीचा एकच चॅनल चालतो आणि बँडविड्थ निम्मी होते. खेळात हे झटक्यांच्या रूपात दिसतं, आणि कार्डाशिवाय ५६००जी वर खेळत असाल तर फ्रेमच्या आकड्यातही ठळकपणे दिसतं.

नुसता वेग बघू नका, सीएल, म्हणजे विलंबाचा आकडा, बघा. डीडीआर४-३२०० सीएल१६ चा विलंब १० नॅनोसेकंद, त्याच वेगाच्या सीएल२२ चा १३.७५. डीडीआर५-६००० सीएल३० पुन्हा १० वरच येते. हिशेब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. डीडीआर५ घेताना दोन पट्ट्यांतच हवी तेवढी मेमरी घ्या, कारण चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्डांवर वेग खाली येतो.

खाचा चार असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवायच्या. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायचं. हे न केल्याने ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीवर क्लिक करा, तिथे वेग लिहिलेला दिसतो. पैसे मोजलेला आकडा तिथे दिसला पाहिजे.

एसएसडी

१ टीबीची एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी), शक्यतो टीएलसी प्रकारच्या चिपची. १०० जीबीच्या वर जाणारे खेळ आता सर्रास आहेत, ५०० जीबी बघता बघता भरते. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई ३५०० पर्यंत, ४.० ची ७००० पर्यंत, पण खेळ उघडण्याच्या वेळेत शेवटच्या दोघींत फारसा फरक पडत नाही. ४.० साठी जास्त पैसे मोजू नका. एनव्हीएमईच आहे ना ते तपासा: एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटा एसएसडीही मिळते.

एसएमपीएस

हा भाग नीट वाचा. कार्ड बिघडलं तर कार्ड जातं. एसएमपीएस वाईट असेल तर जाताना तो कार्ड, बोर्ड आणि एसएसडीलाही घेऊन जाऊ शकतो. आणि कमी बजेटच्या याद्यांमध्ये सगळ्यात जास्त कात्री यालाच लागते.

डब्याच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून तेवढाच रकाना बघा आणि गुणाकार करा. ५०० वॅट असं ठळक छापलेल्या डब्यावर १२ व्होल्टखाली ३० अँपिअर लिहिले असतील तर ते ३६० वॅट झाले. उरलेला आकडा तुमच्या कामाचा नाही. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर. हे गणित अर्ध्या मिनिटाचं आहे, आणि ते करणाऱ्याला पोकळ डबा सहजासहजी गळ्यात मारता येत नाही.

८० प्लस ब्राँझ असणं चांगलं, पण तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. जास्त करंट, जास्त व्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळं बघावं लागतं. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी देणारं युनिट शोधा आणि त्या नेमक्या मॉडेलची तपासणी वाचा, कारण एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी टाकाऊ असं सर्रास असतं.

वॅट किती? रायझन ५ ५६०० ची मर्यादा ७६ वॅटच्या आसपास, आरएक्स ६६०० ची १३२, बाकी सगळं मिळून ५० धरा. अडीचशेच्या थोडं वर. कार्ड क्षणभर जास्त ओढतं आणि पुढे मोठं कार्ड येणार, म्हणून चांगल्या दर्जाचं ५५० वॅट घ्या. दर्जाहीन ७५० पेक्षा ते कधीही बरं.

मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) युनिटच्या केबल दुसऱ्या युनिटला लावू नका, प्लग बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

कॅबिनेट आणि कूलर

पुढची बाजू जाळीची असलेलं कॅबिनेट घ्या. बंद काचेचा दर्शनी भाग दिसायला छान, पण हवा अडवतो. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून कॅबिनेटच्या माहितीशी ताडून बघा. रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००एफ बरोबर येणारा कूलर पुरतो. रायझन ७ ५७००एक्सबरोबर कूलर येत नाही, त्याचे पैसे वेगळे धरा.

सेकंडहँड घ्यावं का?

घ्यावं, पण भाग बघून. प्रोसेसर क्वचितच बिघडतो, एएम४ चा असेल तर खालच्या पिना वाकल्या नाहीत ना तेवढं उजेडात बघा. मॉनिटर आणि कॅबिनेटही समोर बघून घेता येतात. एसएमपीएस जुना घेऊ नका. एसएसडी घ्यायचीच असेल तर आधी तिचं आरोग्य सॉफ्टवेअरने तपासा.

कार्ड सेकंडहँड घेतलं तर त्याच पैशांत एक पायरी वरचं मिळतं, पण ते चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं स्ट्रेस टेस्ट (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालवा, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे येतात का बघा, पंख्यांचा आवाज ऐका. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून नाव आणि कोअरची संख्या जुळवा. खरा आरएक्स ५८० २३०४ कोअरचा, पण त्याच नावाने २०४८ कोअरचंही कार्ड फिरतं.

फार जुन्याच्या मोहात पडू नका. जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेससारख्या खेळांना कार्डात रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करण्याचं) हार्डवेअर असावंच लागतं, तिथे जीटीएक्स १६६० सुपर अजून धडधाकट असलं तरी उपयोगाचं नाही. जुनं प्रोसेसर-बोर्ड घेताना विंडोज ११ चालेल याचीही खात्री करा. त्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. विंडोज ११ वर व्हॅलोरंट तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या सुरक्षा सेटिंगशिवाय सुरूच होत नाही.

तीन याद्या

घट्ट बजेट: रायझन ५ ५६००, बी५५० मायक्रो-एटीएक्स, दोन ८ जीबी डीडीआर४-३२०० सीएल१६, आरएक्स ६६००, १ टीबी एनव्हीएमई, चांगलं ५५० वॅट.

थोडा हात सैल: रायझन ५ ७५००एफ, बी६५०, दोन १६ जीबी डीडीआर५-६०००, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा आर्क बी५८०, १ टीबी एनव्हीएमई, ६५० वॅट.

कार्डाला आत्ता पैसेच नसतील तर रायझन ५ ८६००जी, एएम५ बोर्ड आणि दोन पट्ट्यांची वेगवान डीडीआर५. हलके खेळ कमी सेटिंगवर चालतील. मात्र एसएमपीएस आत्ताच मोठं घ्या, म्हणजे पुढे फक्त कार्ड आणून लावता येईल.

मशीन सुरू झाल्यावर

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदला, १४४ हर्ट्झचा मॉनिटर अनेकदा ६० वरच सुरू होतो. एक्सएमपी, रिसायझेबल बार आणि बायोसची आवृत्ती तपासा. मग आपल्या यादीतला सगळ्यात जड खेळ सलग दोन तास खेळा आणि शेजारी तापमान उघडं ठेवा. कार्ड ८५ अंशांच्या वर चढून फ्रेम पडायला लागल्या तर आधी कॅबिनेटच्या पंख्यांची दिशा बघा, एखादा उलटा बसलेला असतो. मशीन मध्येच रीस्टार्ट झालं तर एसएमपीएस आणि रॅमपासून शोध सुरू करा. हे सगळं परताव्याची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोपर्यंत एकही खोकं किंवा बिल फेकू नका.